बिल्डिंग उभी, ऑफिस गायब!

पहिला पगार, पहिला ब्रेकअप आणि पहिलं लीव्ह अ‍ॅण्ड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट, या तिन्ही गोष्टी आपल्याला साधारण एकाच वयात भेटतात. पहिल्या दोन्हींवर भरपूर लिहून झालंय. तिसऱ्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण विषय महाबोअर! स्टॅम्प ड्युटी, अंगठ्याचा ठसा, वेबकॅमसमोर पासपोर्ट फोटोसारखा चेहरा... झालं, चाव्या हातात. आणि त्या चाव्या घेताना ‘ही जागाच वापरता येईनाशी झाली तर?’ असं विचारणं म्हणजे लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाचा विषय काढणं. मंडळी चपापतात.

तरीही मी तो विषय काढणार आहे. कारण आमची जागा अशीच गेली. आग लागली नाही, पूर आला नाही, एक वीटसुद्धा पडली नाही. गेली ती एका कागदामुळे.

दोनशे चाळीस स्क्वेअर फूट

आम्ही तिघं. मी फ्रीलान्स लिहिणारी, एक मैत्रीण ग्राफिक डिझायनर आणि एक मित्र व्हिडिओ एडिटर. कॅफेत एका कॉफीवर चार तास बसायचा आम्हालाच कंटाळा आला होता (कॅफेवाल्यांना आधीच आला होता!). म्हणून पार्ल्यात, स्टेशनच्या पूर्वेला, सत्तरच्या दशकातल्या एका बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर ऑफिस घेतलं. २४० स्क्वेअर फूट. तीन टेबलं, गळका एसी, खिडकीतून हात बाहेर काढला की चहावाल्याला खूण करता येईल इतकं सोयीचं. महिना ३२,००० रुपये, डिपॉझिट दोन लाख, अ‍ॅग्रीमेंट छत्तीस महिन्यांचं, त्यातले अठरा महिने लॉक-इन.

दारावर तिघांच्या नावांची पाटी लागली त्या दिवशी आईने पेढे पाठवले होते. फ्रीलान्सर पोरीचं ‘ऑफिस’ झालं म्हणजे नातेवाइकांच्या लेखी तिला नोकरी लागली!

आता अ‍ॅग्रीमेंटचं. आमची डिझायनर बाई पिवळा हायलायटर घेऊन बसणाऱ्यातली आहे. तिने एकेक क्लॉज वाचून काढला होता. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की आग, भूकंप, पूर अशा नैसर्गिक आपत्तीत जागेचं नुकसान झालं, तर लायसन्स संपेल आणि डिपॉझिट परत मिळेल. म्हणजे सगळं व्यवस्थित. असं आम्हालाच काय, कुणालाही वाटलं असतं.

तळमजल्यावर टेलरकाका होते. पागडीवर, १९८३ पासून. त्यांचं भाडं अजून तीन आकडी. जाता-येता आमची चेष्टा करायचे, ‘तुमचं एका महिन्याचं भाडं म्हणजे माझं काही वर्षांचं.’ आम्हीही हसायचो. जुन्या काळातले काका, पावतीपुस्तकवाले. आमचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर्ड, बायोमेट्रिक, पीडीएफमध्ये!

जिन्यातला कागद

नवव्या महिन्यात जिन्याजवळच्या भिंतीवर महापालिकेची नोटीस लागली. कलम ३५४. इमारत मोडकळीला आलेली आहे, रिकामी करा, उतरवा.

मुंबई महापालिकेच्या कायद्यात तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. त्या ऑडिटवरून इमारतींची वर्गवारी होते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे इमारत रिकामी न करता दुरुस्ती. सी-२ ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. आणि सी-१ म्हणजे... बॅगा भरा. दोन ऑडिट रिपोर्ट एकमेकांच्या उलट आले तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. पण आमच्या बिल्डिंगबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. सरळ सी-१. लोक हलले नाहीत तर अशा इमारतींचं पाणी आणि वीज तोडली जाते, हेही त्याच दिवशी कळलं.

मालकांना फोन केला. बोलणं शब्दशः आठवतंय.

‘बिल्डिंग पडली का?’

‘नाही, पण...’

‘भूकंप झाला? आग लागली?’

‘नाही हो, पण नोटीस...’

‘मग क्लॉज लागू होत नाही. तुम्ही लॉक-इनमध्ये जागा सोडताय. डिपॉझिटचं विसरा.’

फोन कट.

मी पुन्हा क्लॉज वाचला. गंमत म्हणजे शब्दाला शब्द लावला तर त्यांचं बरोबर होतं! ‘नैसर्गिक आपत्ती’ झालेली नव्हती. जागेचं ‘नुकसान’ही दिसत नव्हतं. एसीसुद्धा नेहमीसारखाच गळत होता. फक्त तिथे बसून काम करायला मनाई होती. दोन लाख म्हणजे आमच्या तिघांचं मिळून होतं नव्हतं ते सेव्हिंग. शिवाय दुसरी जागा घ्यायची तर तिथे नवीन डिपॉझिट. मित्राच्या बहिणीचं लग्न तोंडावर. तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही.

ताईचे तीन प्रश्न

माझी आतेबहीण वकील आहे. रविवारी तिच्याकडे गेले. ताईने आधी मला पोहे खायला लावले आणि मग तीन प्रश्न विचारले. ते तुम्हीही लिहून ठेवा. अशा प्रत्येक भांडणात हे तीन प्रश्न येतातच.

पहिला प्रश्न : तू भाडेकरू आहेस की लायसन्सी?

मला वाटायचं, एकच ते! अजिबात नाही. लीज म्हणजे जागेतला हक्क तुमच्या नावावर येतो. त्याला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. लीव्ह अ‍ॅण्ड लायसन्स म्हणजे फक्त वापरायची परवानगी. ती येते त्याच वर्षीच्या ईझमेंट्स अ‍ॅक्टखाली. आपल्याकडे मालकलोकांना लायसन्स आवडतं ते याचसाठी, की त्यात जागेवर हक्क तयार होत नाही.

लीजवाल्यांसाठी कलम १०८ आहे. त्यात म्हटलंय की आग, वादळ, पूर, सैन्याचा किंवा जमावाचा हिंसाचार किंवा आवरता न येणारी दुसरी कुठली शक्ती, यामुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा ज्या कामासाठी घेतली त्या कामाला कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरूला लीज रद्द करता येते. (सैन्य! १८८२ सालच्या लोकांना कसली कसली काळजी होती बघा.) यातली मेख अशी की रद्द करायचं की नाही हे भाडेकरू ठरवतो. मालक ठरवत नाही. लायसन्सवाल्यांसाठी हे कलम नाही. त्यांच्या कायद्यात जागा नष्ट झाली किंवा कायमची बदलून गेली, की परवानगी आपोआप संपली असं धरतात.

दुसरा प्रश्न : जागा कायमची गेली की काही दिवसांपुरती?

हा प्रश्न २०२० मध्ये देशभरच्या दुकानदारांनी विचारला. लॉकडाऊनमध्ये शटर बंद, मग भाडं कशाचं? दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाची केस त्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कोर्टाने भाडं माफ केलं नाही, भरायला मुदत तेवढी वाढवून दिली. काही काळ दुकान उघडता आलं नाही म्हणजे जागा नष्ट झाली असं होत नाही, असा त्याचा अर्थ. त्याहून जुनं उदाहरण १९६८ चं, सर्वोच्च न्यायालयाचं. फाळणीच्या आधी एकाने लाहोर जिल्ह्यातली शेतजमीन भाड्याने घेतली होती. फाळणी झाली, जमीन पाकिस्तानात गेली, माणूस भारतात आला. त्याने भाडं परत मागितलं. मिळालं नाही! लीज दिली तेव्हाच व्यवहार पूर्ण झाला, नंतर जागा वापरणं अशक्य झालं म्हणून करार बुडाला असं म्हणता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. देश बदलला तरी भाडं परत नाही, तर आमच्या लॉक-इनचं काय घेऊन बसलात!

तिसरा प्रश्न : जागा कुणामुळे गेली?

कलम १०८ मध्येच लिहिलंय की नुकसान भाडेकरूच्या चुकीने झालं असेल, तर त्याला लीज रद्द करायची सवलत नाही. ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. २०१७ च्या जुलैमध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तेव्हा बोट दाखवलं गेलं ते तळमजल्यावर चाललेल्या तोडफोडीकडे. त्यामुळे इंटिरियरवाला ‘मॅडम, ही भिंत काढली की मस्त ओपन लूक येईल’ म्हणाला, की आधी ती भिंत काय पेलतेय ते विचारा.

पत्र आणि पेंटिंग

‘म्हणजे आम्ही गेलो कामातून,’ मी म्हटलं.

‘थांब गं,’ ताई म्हणाली, ‘तुझं लायसन्स आहे ना? मग तेच तुझ्या कामाला येणार.’

फाळणीवाला नियम लीजसाठी आहे, कारण लीजमध्ये हक्क आधीच देऊन झालेला असतो. लायसन्स म्हणजे साधा करार. मालकाने रोज जागा वापरू द्यायची, आपण महिन्याला पैसे द्यायचे. मग त्याला करार कायद्याचं कलम ५६ लावता येतं. करारात ठरलेली गोष्ट नंतर अशक्य किंवा बेकायदा झाली तर करार रद्द. आणि त्याच कायद्याचं कलम ६५ सांगतं की रद्द झालेल्या करारात ज्याने जो फायदा घेतला असेल, तो त्याने परत करायचा. आमचं डिपॉझिट हाच तो फायदा.

ताईने दीड पानाचं पत्र लिहून दिलं. भाषा एकदम सभ्य. नोटिशीनंतर जागा वापरू देणं तुमच्या हातात राहिलेलं नाही, तेव्हा करार संपला. लॉक-इन म्हणजे आम्ही सोडून जाणार नाही असा शब्द, पण त्यासाठी मुळात जागा असावी लागते. अमुक तारखेला चाव्या देतोय, सामान हलवल्याचे फोटो जोडलेत, डिपॉझिट परत करा.

मालकांनी आधी उत्तर दिलं नाही. मग धमकावलं. मग त्यांच्याच वकिलाने बहुतेक त्यांना समजावलं असावं. सात आठवड्यांनी तीन चेक आले. एकूण १,८५,०००. उरलेले पंधरा हजार कशाचे, म्हणून विचारलं. म्हणाले, ‘पेंटिंग चार्जेस.’

पाडायच्या बिल्डिंगचं पेंटिंग! आम्ही तिघं अर्धा तास हसत होतो. भांडलो नाही. पंधरा हजारांसाठी कोर्टात जायचं तर वर्षं जातील, आणि मित्राच्या बहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं.

काका हलेनात

आमचं दोन लाखांवर निभावलं. खरा प्रश्न खाली होता.

वरचे सगळे गेले, आम्ही गेलो, पण टेलरकाका हलायला तयार नव्हते. जिन्याला टेकू लावलेले, छताचा गिलावा रोज थोडा थोडा खाली येतोय आणि काका मशीनवर. ‘एकदा मशीन बाहेर गेलं की संपलं. मग कोण विचारतो?’ चाळीस वर्षांत शेजारच्या दोन-तीन दुकानदारांचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यात पार्ल्याचा बराचसा भाग विमानतळाच्या फनेलमध्ये येतो, इमारतींच्या उंचीवर मर्यादा. त्यामुळे जुन्या बिल्डिंगा लवकर रिडेव्हलप होत नाहीत. पाडलेल्या प्लॉटवर नवीन बिल्डिंग कधी येणार, येणार का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

वेडेपणा वाटतो ना? पण मुंबईत माणसं धोकादायक इमारतींमध्ये राहतात ती बहुतेकदा याच हिशोबाने. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ जण गेले. तीही धोकादायक ठरवलेली होती. आपण पेपर वाचून म्हणतो, ‘नोटीस दिली होती तरी राहिलेच कशाला?’ राहतात, कारण डोक्यावरचं छत पडायची भीती एकीकडे आणि बाहेर पडलो तर हक्क जाईल ही भीती दुसरीकडे. आणि ही दुसरी भीती रोजची असते.

मी ताईला काकांकडे घेऊन गेले. तिने त्यांना २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं. भाड्याची इमारत महापालिकेने मोडकळीला आली म्हणून पाडली, मग भाडेकरूचा हक्क उरतो का? २००१ मध्ये याच कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी ‘नाही’ म्हटलं होतं. २०१४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी ते बदललं. दुकान भाड्याने घेतो तेव्हा त्याखालची जमीनही त्यात आली. वरचं बांधकाम गेलं म्हणून भाडेकरू आपोआप बाद होत नाही. लीज संपवायचा पर्याय त्याचा, मालकाचा नाही.

काकांनी चष्मा काढून पुसला. ‘म्हणजे पाडली तरी मी भाडेकरू?’

‘भाडेकरू. पण कागद नीट हवेत.’

मग आठवडाभर आमचं रिकामपण कामी आलं. १९८३ पासूनच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या. दुकानाचे आतून-बाहेरून फोटो. इमारत उतरवण्याआधी कोण कुठे होतं आणि किती कार्पेट एरिया होता याची यादी महापालिका करते, त्यात काकांचं नाव आणि त्यांचे ११० स्क्वेअर फूट आले की नाही ते बघून प्रत घेतली. मालकांना रजिस्टर्ड पत्र पाठवलं. नोटीस आहे म्हणून जागा रिकामी करतोय, भाडेकरू म्हणून माझा हक्क सोडत नाहीये. आणि दर महिन्याचं ते तीन आकडी भाडं, चेकने चालू!

मशीन हलवायला चार जण लागले. काका रिक्षात बसेपर्यंत मागे बघत होते.

ज्यांच्या कागदांना आम्ही हसायचो, त्यांचा हक्क बिल्डिंग पाडल्यावरही शिल्लक आहे. आमच्या बायोमेट्रिक पीडीएफचा हक्क नोटिशीबरोबर संपला. मिळालं ते डिपॉझिट, तेही पेंटिंग वजा.

सही करण्याआधी...

कायदा पडदा उघडतो तो अ‍ॅग्रीमेंट गप्प असेल तिथे. कलम १०८ ची सुरुवातच ‘दोघांमध्ये वेगळं ठरलं नसेल तर’ अशी आहे. म्हणजे तुम्ही लिहून घेतलंत तर तुमचं चालतं, मालकाने लिहून घेतलं तर त्याचं! तेव्हा स्टुडिओ, क्लिनिक, बुटीक, क्लास... काहीही सुरू करत असाल तर एवढं बघाच :

• जागा ‘वापरता न येण्याची’ कारणं नीट मोजा. आग आणि पुराबरोबर ‘सरकारी किंवा महापालिकेचा आदेश’ हे शब्द आहेत का?

• जागा काही दिवसांपुरती बंद राहिली, तर त्या दिवसांचं भाडं थांबणार की नाही? किती दिवसांनी तुम्हाला बाहेर पडता येईल?

• अशा वेळी लॉक-इन लागू नाही आणि डिपॉझिट अमुक दिवसांत परत, हे एका वाक्यात लिहून घ्या.

• बिल्डिंग तीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर ऑडिट रिपोर्ट मागा. ‘आहे हो, देतो’ म्हणाले तरी प्रत हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

• रस्तारुंदी किंवा मेट्रोत जागा जाणार असेल, तर नुकसानभरपाई कुणाला किती, हे ठरवून ठेवा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, संपादनाच्या आधी तीन वर्षं तिथे ज्यांचं पोट चालतं अशा भाडेकरूंचाही विचार आहे. तेव्हा भाड्याच्या पावत्या जपा.

• मालकाचा विमा बिल्डिंगचा. तुमचे कॉम्प्युटर, माल, फर्निचर त्यात नाही. स्वतःचा विमा काढा. पर्यायी जागेच्या भाड्याचं जादा कव्हरही मिळतं, एजंटला विचारा.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत, विमा सोडून. लागतो तो थोडा निगरगट्टपणा. मालक म्हणतील, ‘स्टॅण्डर्ड फॉरमॅट आहे, सगळे यावरच सही करतात.’ म्हणू देत.

परवा आम्ही अंधेरीत नवीन जागेचं अ‍ॅग्रीमेंट केलं. बिल्डिंग बारा वर्षांची, एसी न गळणारा. डिझायनर बाईने हायलायटर बाजूला ठेवून पेन काढलं आणि महापालिकेच्या आदेशाची ओळ स्वतःच्या हाताने ड्राफ्टमध्ये घातली. नवे मालक बुचकळ्यात. ‘असं कधी होतं का हो?’

ती म्हणाली, ‘पार्ल्यातल्या आमच्या टेलरकाकांचा नंबर देऊ का?’

मालकांनी ओळ ठेवली. काका सध्या आमच्या जुन्या प्लॉटपासून तीन गल्ल्या पलीकडे, एका ओळखीच्यांच्या गॅरेजमध्ये बसतात. दर महिन्याच्या चेकची झेरॉक्स काढून फाइलला लावतात. प्लॉटला पत्रे लागलेत. ते रोज येताना त्या पत्र्यांवरून एक नजर टाकून पुढे जातात. आणि हो, ब्लाउज अजून वेळेवर देत नाहीत!